फणसाखालच्या अकरा काड्या

मी बोट मातीत खुपसलं आणि ते तसंच हवेत धरून किंचाळले, "आई! इथं पाणी कुणी ओतलं?"

"कुठं गं?" मागच्या खिडकीतून आईचा आवाज आला.

"फणसाखाली! ताईच्या वाफ्यात!"

"मला दुसरा धंदा नाही होय? भांडी घासू का तुझ्या वाफ्यात पाणी ओतत बसू?"

"मग ओला कसा झाला?"

"मांजर मुतलं असेल."

अख्खा वाफा भिजवायचा तर त्या मांजराला शाळेतून आठवड्याची रजा काढावी लागली असती. पण हे मी तेव्हा बोलले नाही. आज मी अकरावीत आहे, वक्तृत्व स्पर्धेत घंटा वाजली तरी मला खाली बसवायला दोन बाईंना यावं लागतं. तेव्हा सातवीत होते, आणि वर्गात पाणी प्यायला जायचं असलं तरी मैत्रिणीला विचारायला लावायचे. आप्पांसमोर तर माझी जीभ टाळूला चिकटायची. त्यांनी "जेवलीस?" विचारलं तर मी मान हलवायचे, आणि ते पेपरमधून वर न बघता पुन्हा विचारायचे, "जेवलीस का गं?"

तर फेब्रुवारी महिना होता. आजऱ्यातली आमची परसबाग म्हणजे एक फणस, एक जांभूळ आणि त्यांच्यामागं चिऱ्यांची गडग्याची भिंत. सूर्य तिथं दुपारी फक्त डोकावून जायचा. त्या सावलीत आईनं मिरच्या लावून बघितल्या, दोडका लावून बघितला, सगळं उंच आणि पिवळं होऊन मरायचं. म्हणून ताईनं ती जागा मागितली तेव्हा आई म्हणाली, "घे बाई, तुझ्या गवताला तरी लाभू दे."

गवत नव्हतं ते. आमरी होती. ऑर्किड. झाडावर चढून बसणारी नव्हे, जमिनीतली. शर्वरीताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. आंबोलीच्या वाटेवर रस्ता रुंद करताना जेसीबीनं रान उलथलं होतं, तिथून ती जुलैच्या पावसात भिजत दोन घमेली माती आणि रुमालात बांधलेले अकरा कंद घेऊन आली. मोठ्या वाटाण्याएवढे, पांढरट, केसाळ.

"एकपानी म्हणतात हिला," ती म्हणाली. "एका कंदाला एकच पान. बदामासारखं, जमिनीला टेकलेलं."

"आणि फूल?"

"फूल आधी. मेअखेरीला नुसता दांडा वर येतो, त्याला फूल. फूल गेलं की मग पान येतं. दोघांची गाठच पडत नाही."

"मग पानाला कसं कळतं फूल कसं होतं?"

ती एवढी हसली की घमेल्यात बसली.

वाफा करताना तिनं मला राबवून घेतलं. खाली चिऱ्यांचा चुरा, म्हणजे पाणी थांबणार नाही. वर फणसाचा कुजलेला पाला. त्यावर रानातली माती, चाळायची नाही, धुवायची नाही, कारण तिच्यात एक बुरशी असते आणि तिच्याशिवाय हे कंद उपाशी मरतात. आई शेणकाला घेऊन आली तर ताईनं दोन्ही हात पसरून वाफा अडवला. "खत नको! लाड नको! दांडगी जात आहे, तिला तिचं तिचं राहू दे." प्रत्येक कंदाशेजारी आइस्क्रीमची एक काडी, काडीवर आकडा. त्या अकरा काड्यांसाठी मी आठवडाभर कुल्फी खाल्ली. एवढं कष्टाचं काम मी त्यानंतर केलेलं नाही.

ऑगस्टमध्ये ताई गेली.

आप्पा साखर कारखान्यात टाइमकीपर होते. कोण किती वाजता आलं आणि गेलं हे लिहिणारा माणूस. त्यांना ताई बँकेत हवी होती. परीक्षेचं हॉल तिकीटसुद्धा आलं होतं. त्याच आठवड्यात शिलाँगहून पत्र आलं, ऑर्किडच्या संशोधनात जागा होती. आप्पा म्हणाले, "गवत बघायला देशाच्या टोकाला जायचं?" ताई म्हणाली, "हो." आप्पा म्हणाले, "मग गेलीस की गेलीस." परीक्षेच्या दिवशी ताई गाडीत होती.

निघताना आप्पा कामावर गेले होते. मी दारात उभी राहून अशी रडत होते की रिक्षावाल्यानंच इंजिन बंद केलं. ताईनं माझे खांदे धरले. "ओवी, ऐक. वाफा तुझ्यावर सोपवलाय. पहिलं फूल आलं की फोन कर. मी येते."

"नक्की?"

"फूल आलं की येते."

आणि तिनं वहीचा एक कागद दिला. त्यावर चार नियम होते, शेवटच्या नियमाखाली दोन रेघा मारलेल्या: 'दिवाळीला पानं पिवळी पडून जातील. घाबरू नकोस. त्यानंतर मेपर्यंत पाण्याचा एक थेंब नाही. कंद झोपलेले असतात.'

तो कागद मी भूगोलाच्या पुस्तकाला घातलेल्या कव्हरच्या आत ठेवला होता. दिवाळीला ताई आली नाही. पानं पिवळी पडली आणि गेली. मी घाबरले नाही. उकरून बघायची इतकी इच्छा व्हायची की हात पाठीमागं धरून वाफ्याशी उभी राहायचे. नुसती मोकळी, सावलीत कायम काळसर दिसणारी जमीन आणि अकरा काड्या. ताईचा फोन दर रविवारी आईच्या मोबाईलवर यायचा. तो आला की आप्पा उठून मागच्या दारानं परसात जायचे आणि फोन संपला की परत यायचे. ताईचं नाव ते घेत नसत. मी दर वेळी तिला विचारायचे, "मे महिन्यात येशील ना?" आणि ती म्हणायची, "फूल येऊ दे की."

म्हणजे आता तीन महिने उरले होते, आणि माती ओली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना बघितलं, ओली. तिसऱ्या दिवशी ओली. पाइप गळत नव्हता, छपराचं पाणी नव्हतं. मग रविवारी मी सहा वाजता उठले आणि शाल गुंडाळून लाकडांच्या ढिगामागं बसले. हळूहळू उजाडलं. न्हाणीचं दार वाजलं. आप्पा बाहेर आले, ओला पंचा नेसलेले, हातात तांब्याचा तांब्या.

आंघोळ झाली की सूर्याला पाणी सोडायचं हा त्यांचा रोजचा नेम होता. तुळशीपाशी, पुढच्या अंगणात. मी लहानपणापासून बघत आले होते. पण ते पुढं गेलेच नाहीत. गडग्याशी आले, पूर्वेला तोंड केलं, डोळे मिटले, ओठ हलले आणि तांब्यातली धार पडली ती थेट ताईच्या वाफ्यात. अर्धा तांब्या झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. मग खाली वाकून एकेका काडीपाशी थोडं थोडं पाणी घातलं. चार नंबरची काडी कलली होती, ती सरळ केली.

मी कशी उठले मला माहीत नाही. "आप्पा, नको!"

ते एवढे दचकले की उरलेलं पाणी त्यांच्याच पायावर सांडलं. "काय गं? इथं काय करतीयेस?"

"पाणी नका घालू!"

"सूर्याचं पाणी आहे. कुणाला काय त्रास त्याचा?"

"मरतात ते पाण्यानं!"

"पाण्यानं कोण मरतं?" आप्पांचा आवाज चढला. "सगळं वाळून गेलंय ते दिसत नाही तुला? दिवाळीपासून बघतोय. एक दिवस पाणी घातलं नाहीस. तिनं तुझ्यावर सोपवलं होतं, आणि तू तिकडं ढुंकून बघत नाहीस."

मी शालीचं टोक पिळत उभी राहिले.

"बोललो नाही तुला," ते जरा हळू आवाजात म्हणाले. "म्हटलं पोर आहे, विसरली असेल. ती आल्यावर उगीच तुला बोलेल. म्हणून मीच घालतोय, दिवाळीच्या पाडव्यापासून."

"रोज?"

"रोज."

आणि मग माझ्या घशातून जो आवाज निघाला तो माझा आहे हे मला पहिल्यांदा कळलं. "मी विसरले नव्हते! न घालणं हेच माझं काम होतं! झोपलेत ते, आप्पा! मेपर्यंत थेंबसुद्धा घालायचा नाही असं तिनं लिहून दिलंय! कुणाला विचारलंत तुम्ही? मला का नाही विचारलंत?"

इतकं मोठ्यानं मी त्यांच्याशी जन्मात बोलले नव्हते. आई कणकेच्या हातानं बाहेर आली. "काय झालं? कुणावर ओरडतीयेस तू? आप्पांवर?"

"होय, आप्पांवर! ते रोज इथं पाणी घालतात!"

"ते मला ठाऊक आहे की."

"तुला ठाऊक होतं? मग मांजर का म्हणालीस?"

"तू वाफ्यात पाणी ओतलं कुणी असं विचारलंस. हे देवाचं पाणी. ते कुठं सोडायचं हे मी कसं सांगणार त्यांना?"

आप्पा तांब्या खाली ठेवून उकिडवे बसले. मग म्हणाले, "बघू या का?"

मी एक नंबरची काडी काढली. त्यांनी बोटांनी माती बाजूला केली, अगदी हळू, पायात मोडलेला काटा काढताना करतात तसं. कंद सापडला. मी हातात घेतला आणि तो पिचकला. आतून पांढरं पाणी आलं, शिळ्या बटाट्यासारखा वास. दोन नंबर तसाच. तीन नंबरची नुसती साल. आप्पा प्रत्येक वेळी म्हणायचे, "पुढचा बघ." पाच. सहा. "पुढचा बघ." नऊ नंबर जरा घट्ट लागला आणि आम्ही दोघंही श्वास धरून बसलो, पण तो खडा निघाला. अकरा नंबरपर्यंत आम्ही सगळं उकरलं. त्यांचे हात मनगटापर्यंत चिखलानं भरले होते.

"आता ताई येणार नाही," मी म्हटलं, आणि भोकाड पसरलं.

"त्याचा ह्याच्याशी काय संबंध?"

"ती म्हणाली होती, पहिलं फूल आलं की येते."

"काय म्हणाली?"

"फूल आलं की येते."

"कुणाला म्हणाली?"

"मला! जाताना! म्हणून तर मी दिवस मोजत होते!"

आप्पांनी आईकडं बघितलं. आईनं पदराच्या टोकानं नाक पुसलं, म्हणजे तिलाही ठाऊक होतं. आमच्या घरात ही गोष्ट फक्त त्यांनाच ठाऊक नव्हती. त्यांनी खड्ड्याशेजारच्या काड्या एकेक करून गोळा केल्या. मग म्हणाले, "फोन लाव तिला."

"आता? सात वाजतायत," आई म्हणाली.

"लाव."

त्यांचे हात चिखलाचे, म्हणून आईनं फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या तोंडासमोर धरला. तिच्या हाताची कणीक फोनला लागली होती. बरीच रिंग वाजली.

"हॅलो आई? एवढ्या सकाळी? बरी आहेस ना?"

"मी आहे," आप्पा म्हणाले.

तिकडं कुठंतरी कोंबडा आरवला. आमच्या आसपास कुणाकडं कोंबडा नव्हता. मला एकदम जाणवलं की ताई खरंच दुसऱ्या ठिकाणी आहे, तिथं सकाळ वेगळी आहे आणि तिला रोज त्या कोंबड्यानं जाग येते.

"आप्पा?"

"तुझी झाडं मी मारली."

"कुठली झाडं?"

"फणसाखालची. अकराच्या अकरा. ओवीची काही चूक नाही. मला वाटलं वाळतायत. रोज सूर्याचं पाणी तिथं सोडत होतो."

"तुळशीपाशी सोडता ना तुम्ही?"

"तू दिवाळीला आली नाहीस, तेव्हापासून तुळशीपाशी नाही सोडत."

ताई हसली की काय झालं तिला, एक चमत्कारिक आवाज आला. "आप्पा, रोज? थंडीत?"

"रोज. एक तांब्या." त्यांनी घसा साफ केला. पुढचं बोलायला त्यांना एवढा वेळ लागला की आईनं फोन बंद तर पडला नाही ना हे उलटून बघितलं. "तू ओवीला सांगितलंस म्हणे, फूल आलं की येते. आता फूल काय यायचं नाही." पुन्हा थांबले. "तर तू तशीच ये."

गडग्यावर खार बसली होती, तीसुद्धा हलली नाही.

"ओवीला द्या जरा," ताई म्हणाली.

मी फोन घेतला. स्पीकर कसा बंद करायचा ते मला सुचलं नाही, त्यामुळं सगळ्यांनी सगळं ऐकलं.

"रडतीयेस का?"

"नाही."

"ओवी, एक सांगू? तू चिडशील."

"सांग."

"ते कंद फार बारके होते गं. तू ते कितीही नीट सांभाळले असतेस तरी या मेमध्ये फुलले नसते. पुढच्याही नाही. अजून चारेक वर्षं लागली असती."

"तुला तेव्हाच ठाऊक होतं?"

"हो."

"मग मला फूल का सांगितलंस?"

"तू दारात उभी राहून एवढी रडत होतीस. मला काहीतरी सांगायला हवं होतं. आणि…" ती थांबली. "आप्पांचा राग जायलाही तेवढीच वर्षं लागतील असं वाटलं होतं मला."

मी आप्पांकडं बघितलं. ते मान खाली घालून नखातली माती काढत होते, एका नखानं दुसऱ्याची. मला चिडायचं होतं, खूप चिडायचं होतं. शंभर दिवस हात पाठीमागं धरून उभी राहिले होते मी. पण ओरडायचं होतं ते सगळं मी पंधरा मिनिटांपूर्वीच वापरून टाकलं होतं.

"म्हणजे तू येणारच नव्हतीस," मी एवढंच म्हटलं.

"येणार होते. बोलावल्यावर."

ताई मे महिन्यात आली. चार दिवस. आप्पा स्टँडवर तिला आणायला गेले ते दोन तास आधी, आणि कोल्हापूरहून येणारी प्रत्येक एस.टी. किती वाजता आली ते खिशातल्या कागदावर लिहून ठेवलं. सवय. येताना तिची बॅग त्यांच्या डोक्यावर होती आणि दोघं काही बोलत नव्हते. फाटकाशी आल्यावर आप्पांनी विचारलं, "तिकडं म्हणे चारलाच उजाडतं?" ताई म्हणाली, "साडेचारला. उन्हाळ्यात." एवढ्यावर त्यांचं नऊ महिन्यांचं बोलणं झालं. बँकेचा विषय कुणी काढला नाही. जेवताना आप्पा मला म्हणाले, "ओवी, पापड घे. नको असेल तर तोंडानं सांग, तुला बोलता येतं आता." आईला हसून हसून उचकी लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताई आणि आप्पा फणसाखाली जाऊन बसले. वाफा मी बुजवून टाकला होता, वर फणसाचा पाला पडला होता. ताई त्यांना काहीतरी सांगत होती, बोटानं जमिनीवर काढून, कंद असा असतो, जुना संपतो, शेजारी नवा धरतो. आप्पा विचारत होते, "मग जुन्याचं काय होतं?" मी खिडकीतून बघत होते. मी गेले नाही तिथं. खूप जावंसं वाटत होतं. पण ताईवर माझ्याइतकाच हक्क आणखी कुणाचा तरी आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, आणि त्या माणसाला माझ्यासारखं रडताही येत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी ती निघाली. या वेळी आप्पा कामावर गेले नव्हते. ते बॅग टपावर चढवायला कंडक्टरशी भांडत होते, "सरळ ठेवा, आडवी नको, आत कागद आहेत तिचे!" ताई खिडकीत बसली. मी खाली उभी. खिडकी उंच होती, तिनं हात बाहेर काढला आणि माझी बोटं धरली. तिच्या हाताला आमच्या साबणाचा वास येत होता. तो किती दिवस टिकेल असा विचार माझ्या मनात आला आणि मी तो लगेच ढकलून दिला.

"ओवी," ती म्हणाली. माझ्या चेहऱ्याकडं बघून तिचा आवाज तसाच झाला, रिक्षाच्या वेळचा. मला तो लगेच ओळखू आला. "ओवी, ऐक. पुढच्या वेळी ना, जांभळाला पहिली…"

"नको," मी म्हटलं.

"अगं, ऐकून तर घे."

"नको. काही लावून देऊ नकोस." ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं, म्हणून मला ओरडावं लागलं, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "मी तशीच वाट बघते!"